रत्नागिरीची काळी वाळू

रत्नागिरीच्या नांवांत रत्नें असलीं, तरी रुपें, शिसें वा जस्त यांच्या खाणींसाठीं ती कधीं प्रसिद्ध नव्हती. तथापि ज्या धातूनें शिशाची एक जुनी गादी हिरावून घेतली, तो तिच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूंत आहे.

युरोपांत घरांना शुभ्र रंग देण्याकरितां शतकानुशतकें शिशाचा सफेदा वापरीत. तो विषारी. रंगाऱ्यांच्या पोटांत असह्य कळा येत, मनगटें लुळीं पडत. १९२१ सालीं जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें घरांच्या अंतर्भागांत त्याच्या वापरावर निर्बंध घालणारा करार केला. जस्ताचा सफेदा त्याहून निरुपद्रवी, परंतु त्याचा थर विरळ बसे. दोघांनाही मागें टाकलें तें टायटेनियमच्या सफेद्यानें. हा धातु १७९१ सालीं विल्यम ग्रेगर या पाद्र्यास कॉर्नवॉलमध्यें आढळला, तोही काळ्या वाळूंतच!

रत्नागिरीस ही वाळू सह्याद्रीनें दिली. त्याच्या काळ्या पाषाणांतील इल्मेनाइटचे कण नद्यांनीं वाहून आणले. लाटांनीं हलके कण पाखडून नेले, जड कण मागें राहिले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं काळबादेवी, मिऱ्या व रत्नागिरी यांसमोरील समुद्रतळाचे नमुने तपासले, आणि १९७९ सालीं त्या साठ्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

परंतु साठा सांपडला म्हणजे तो उपसावाच, असें ठरत नाहीं. हीच वाळू लाटांचा मारा सोसून किनाऱ्यावरील घरें आणि माड राखते. किनाऱ्याची धूप म्हणजे काय, हें मिऱ्या गांवानें अनुभवलें आहे. खनिजाची किंमत ठरवितांना हें राखणीचें मोलही हिशेबांत धरलें पाहिजे.