तुरीनचीं चव्वेचाळीस मुलें

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मग्रामांतील तरुणसंघासाठीं एक पान राखून ठेवावें असा आपल्याकडे प्रघात आहे. त्या पानावर बहुधा निशाण हातीं धरून उभ्या असलेल्या मुलांचें छायाचित्र असतें, आणि त्याखालीं सणाची मिरवणूक, नाताळचा गोठा, गायनमंडळ यांतील त्यांच्या कामगिरीबद्दल चार गौरवाचे शब्द असतात. तें सर्व योग्यच आहे. परंतु चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांकडून याहून कितीतरी अधिक मागितलें गेलें, आणि त्यांनीं तें दिलें, अशीं उदाहरणें पवित्र सभेच्या इतिहासांत आहेत. त्यांतील एक आम्ही येथें सांगणार आहों. तें इटली देशांतील तुरीन शहरीं १८५४ सालीं घडलें. त्यांतील मुलें श्रीमंतांचीं नव्हतीं, फारशीं शिकलेलींही नव्हतीं. गवंड्याच्या हाताखालीं चुना कालविणारीं, जोडे शिवावयास शिकणारीं, कित्येक तर आईबापांविना वाढलेलीं, अशीं तीं मुलें होतीं.

तुरीन ही त्या काळीं सार्डिनियाच्या राजाची राजधानी होती. शहर झपाट्यानें वाढत होतें. नव्या इमारती उठत होत्या, आणि आसपासच्या डोंगराळ खेड्यांतून कोंवळ्या वयाचीं मुलें कामासाठीं शहरांत येत होतीं. काम असे तोंवर पोटाला मिळे. काम सुटलें कीं रस्ता, आणि रस्त्यावरून पुष्कळदां तुरुंग. तुरुंगांत कोंडलेलीं हीं मुलें १८४१ सालीं नुकतीच गुरुदीक्षा मिळालेल्या एका तरुण धर्मगुरूच्या दृष्टीस पडलीं. त्यांचें नांव जॉन बॉस्को. इटलींत धर्मगुरूच्या नांवापूर्वीं ‘डॉन’ हा शब्द लावितात, जसा आपण ‘फादर’ लावितों. म्हणून सर्व जग त्यांस डॉन बॉस्को या नांवानेंच ओळखतें.

मुलांचे संघ काढण्याची हौस त्यांस विद्यार्थिदशेपासूनच होती. त्यांचा जन्म १८१५ सालचा, बेकी नांवाच्या वाडींतला. दोन वर्षांचेही झाले नव्हते तोंच वडील वारले. पुढें किएरी गांवीं शाळेंत असतां, १८३२ च्या सुमारास, त्यांनीं सोबत्यांचें एक ‘आनंदमंडळ’ स्थापिलें. त्याचे नियम दोनच होते: ख्रिस्ती माणसास न शोभणारें बोलूं नये व करूं नये, आणि शाळेचें व धर्माचें कर्तव्य चुकवूं नये. बाकीचा वेळ खेळ, गाणीं, चढाओढी. आम्हांस ही गोष्ट महत्त्वाची वाटते. मुलांचा संघ म्हणजे काय हें डॉन बॉस्को मोठ्यांच्या खुर्चींत बसून शिकले नाहींत. मुलांतलें एक मूल असतांनाच शिकले.

१८४१ च्या ८ डिसेंबर रोजीं, निष्कलंक मातेच्या सणाच्या दिवशीं, देवळाच्या वस्त्रागारांत एक पोरका गवंडीमुलगा भीत भीत शिरला. मिस्सेची सेवा करतां येत नाहीं म्हणून तेथील सेवकानें त्यास मारून हांकलून दिलें. डॉन बॉस्को यांनीं त्यास परत बोलावून आणविलें, जवळ बसविलें आणि क्रूसाची खूण करावयास शिकविली. त्या मुलाचें नांव बार्तोलोमेओ गारेल्ली. पुढच्या रविवारीं तो सोबत्यांस घेऊन आला. आणि मुलांची ही भर वाढतच गेली. त्या मुलांस बसावयास जागा मिळेना. गोंगाटामुळें एकामागून एक ठिकाण सोडावें लागलें. शेवटीं १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागांत पिनार्दी नांवाच्या गृहस्थाचें एक पडवीवजा छप्पर भाड्यानें मिळालें. तें इतकें ठेंगणें होतें कीं आंत उभें राहतां यावें म्हणून जमीन खणून खालीं न्यावी लागली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अठ्ठावन्न वर्षांची त्यांची आई मार्गरिता आपलें खेडें सोडून या मुलांचें रांधावयास व कपडे सांधावयास तेथें येऊन राहिली.

आतां संघांविषयीं. १८४७ सालीं डॉन बॉस्को यांनीं मुलांची संत अलोयसियसची सोडॅलिटी स्थापिली. अलोयसियस गोन्झागा हा सरदारपुत्र १५९१ सालीं रोम शहरीं सांथीच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना, वयाच्या तेविसाव्या वर्षीं मरण पावला, हें वाचकांस ठाऊक आहेच. पुढें मुलांनीं काय केलें तें पाहतां ही निवड सहज झाली असेल असें वाटत नाहीं. १८५० त या सोडॅलिटीच्या सभासदांचा परस्पर साहाय्याचा फंड निघाला. प्रत्येकानें दर रविवारीं एक सोल्दो द्यावयाचा. कोणी आजारी पडला तर त्यास बरा होईपर्यंत रोज पन्नास सेंतेसिमी मिळावयाचे. रक्कम क्षुल्लक होती. पण दुसऱ्याच्या दुखण्यासाठीं आपल्या मजुरींतून पैसा बाजूला काढावयाचा, ही संवय त्या पोरांस लागली. आणि १८५४ च्या २६ जानेवारीस संध्याकाळीं चार तरुण डॉन बॉस्को यांच्या खोलींत जमले, व शेजाऱ्यावर प्रत्यक्ष कृतीनें प्रीति करण्याचा अभ्यास आरंभावयाचें त्यांनीं ठरविलें. त्या चौघांत मिखाएल रुआ व जॉन काल्येरो हे दोघे सोळा-सोळा वर्षांचे होते. हा अभ्यास किती लवकर कसोटीस लागणार आहे याची त्यांस कल्पना नव्हती.

पटकी म्हणजे काय हें महाराष्ट्रास सांगावयास नको. गांवच्या गांव ओस पाडणाऱ्या या रोगाच्या आठवणी आपल्या आज्या-पणज्यांनीं सांगितलेल्या आहेत. १८१७ सालीं बंगालमधून उठलेली ही सांथ पुढें वाटा काढीत युरोपांत पोंचली आणि १८३० नंतर तिनें तेथें पुनःपुन्हां थैमान घातलें. १८५४ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस ती तुरीनमध्यें शिरली. रोग कशानें होतो हें कोणास ठाऊक नव्हतें. योगायोग असा कीं त्याच वर्षीं फ्लॉरेन्स येथें पाचीनी नांवाच्या शास्त्रज्ञानें सूक्ष्मदर्शकाखालीं पटकीचा जंतु पाहिला, आणि लंडन येथें डॉक्टर स्नो यांनीं हा रोग दूषित पाण्यांतून पसरतो हें एका सार्वजनिक पंपावरून दाखवून दिलें; परंतु त्या दोघांचें म्हणणें जगाला पटावयास पुढें पुष्कळ वर्षें लागलीं. तुरीनच्या लोकांस एवढेंच दिसत होतें कीं सकाळीं धडधाकट असलेला मनुष्य रात्रीपर्यंत जात आहे. ज्यांची ऐपत होती ते शहर सोडून गेले. गरिबांत अशी अफवा उठली कीं डॉक्टरच औषधांत विष घालतात. म्हणून रोगी घरांतच लपवून ठेवूं लागले. वाल्दोक्कोला लागून नदीकांठीं असलेल्या बोर्गो दोरा या दरिद्री वस्तींत एका महिन्यांत सुमारें ८०० माणसें आजारी पडलीं, आणि त्यांपैकीं ५०० मेलीं.

नगरपालिकेनें रोग्यांसाठीं तात्पुरतीं रुग्णालयें उघडलीं. पण तेथें काम करावयास माणसें मिळेनात. पगार देऊं केला तरी मिळेनात.

५ ऑगस्ट रोजीं डॉन बॉस्को यांनीं आपल्या मुलांस एकत्र बोलाविलें. परिस्थिति त्यांनीं लपविली नाहीं. रोग्यांजवळ जावयास कोणी नाहीं. तुमच्यांपैकीं कोणी माझ्याबरोबर येईल काय, असें त्यांनीं विचारलें. तुम्ही सर्व देवाच्या कृपेंत राहाल व प्राणघातक पाप टाळाल, तर तुमच्यांपैकीं एकालाही हा रोग शिवणार नाहीं, असा भरंवसाही त्यांनीं दिला. चौदा मुलें लागलींच पुढें आलीं. थोड्याच दिवसांत आणखी तीस आलीं. अशीं तीं चव्वेचाळीस.

त्यांनीं कामाची वांटणी केली. कांहीं रुग्णालयांत व घरोघर रोग्यांपाशीं बसत. कांहीं गल्लीगल्लींतून हिंडून कोण पडून आहे याचा शोध घेत. आणि कांहीं हांक येईल तेव्हां धांवावयास घरींच तयार असत. पटकीच्या रोग्याची शुश्रूषा ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ठाऊक आहे कीं तींत काव्य कांहीं नाहीं. पेटके आलेले हातपाय चोळावयाचे, ओकारी व जुलाब साफ करावयाचे, घाणलेलें अंथरूण बदलावयाचें, अंग ऊबदार राखावयाचें, आणि रोगी अखेरच्या वाटेस लागला कीं अभ्यंगासाठीं धर्मगुरूस धांवत बोलावून आणावयाचें. कित्येक घरांत अंथरूणच नसे. मग मुलें आई मार्गरितेकडे धांवत. तिनें चादरी दिल्या, घोंगड्या दिल्या, अंगावरचीं वस्त्रें दिलीं. असें सांगतात कीं एके दिवशीं एक मुलगा उघड्या रोग्यासाठीं कपडा मागावयास आला तेव्हां घरांत एकही धडकें उरलें नव्हतें. तेव्हां तिनें मुलाची अनुज्ञा घेऊन वेदीवरचें वस्त्र काढून दिलें.

येथें एक प्रश्न वाचकांच्या मनांत आल्यावांचून राहणार नाहीं, आणि तो यावाच. दुसऱ्यांचीं लेंकरें मृत्यूच्या दारांत पाठविण्याचा डॉन बॉस्को यांस काय अधिकार होता? आमच्यांपैकीं कोणता बाप आपल्या सोळा वर्षांच्या मुलास अशा कामावर धाडील? हा आक्षेप हलका नव्हे. त्यावर आमचें उत्तर असें कीं डॉन बॉस्को यांनीं कोणास पाठविलें नाहीं. त्यांनीं विचारलें, आणि जे आले त्यांच्या पुढें ते स्वतः चालले. शिवाय त्यांची श्रद्धा आंधळी नव्हती. सांथ शहराच्या वेशीशीं होती तेव्हांच त्यांनीं मुलांच्या निजण्याच्या खोल्या साफ करविल्या, खाटा दूर दूर ठेवविल्या. रोग्यांकडे जाणाऱ्या प्रत्येक मुलाजवळ शिरक्याची लहान बाटली असे, आणि रोग्यास हात लावल्यावर शिरक्यानें हात धुतलेच पाहिजेत असा सक्त नियम होता. आज आपणांस ठाऊक आहे कीं पटकीचा जंतु हवेंतून नव्हे, तर पाण्यांतून, अन्नांतून व घाणलेल्या हातांवरून तोंडांत जातो, आणि आंबट शिरक्यांत तो फार वेळ टिकत नाहीं. डॉन बॉस्को यांस जंतूचें नांवही माहीत नव्हतें. चव्वेचाळिसांच्या रक्षणांत पवित्र कुमारीचा हात होता अशी मुलांची श्रद्धा होती, आणि आमचीही आहे. परंतु ती बाटली विसरून हा प्रसंग सांगणें म्हणजे तो अर्धाच सांगणें होय.

सांथ नोव्हेंबरांत ओसरली. तोंवर तुरीनमध्यें सुमारें २,५०० लोक आजारी पडले होते व सुमारें १,४०० मेले होते. चव्वेचाळिसांपैकीं पटकीनें एकही गेला नाहीं. काल्येरो मात्र ऑगस्टच्या अखेरीस विषमज्वरानें अंथरुणास खिळला, आणि त्याची आशा सुटली होती. पण तोही वांचला. ८ डिसेंबर रोजीं पोप नववे पायस यांनीं रोम येथें मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचें धर्मतत्त्व जाहीर केलें. त्याच दिवशीं वाल्दोक्कोंतील मुलांनीं देवाचे आभार मानले.

त्या प्रार्थनेंत एक नवा मुलगा होता. बारा वर्षांचा, कृश, शांत. तो ऑक्टोबरच्या अखेरीस येथें आला होता. त्याचें नांव दोमिनिक साव्हियो. सांथ सरल्यावर संघाचें काय होतें हा प्रश्न नेहमींचाच आहे. संकटांत धांवणारीं मुलें पुढें घरोघर पांगतात. वाल्दोक्कोंत तसें झालें नाहीं, याचें श्रेय पुष्कळ अंशीं या मुलाला आहे. १८५६ च्या ८ जून रोजीं त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं निष्कलंक मातेचा संघ स्थापिला. नियम एकवीस, आणि ते मुलांनींच लिहिले. डॉन बॉस्को यांनीं केवळ कांहीं टिपा जोडल्या. आतां पटकी नव्हती, म्हणून त्यांनीं दुसरें काम शोधून काढलें. नव्यानें आलेला, घरच्या आठवणीनें रडणारा, कोणाशीं न पटणारा, भांडखोर असा एकेक मुलगा प्रत्येक सभासदानें आपल्या गळ्यांत घ्यावयाचा. त्याच्याबरोबर खेळावयाचें, त्याचा अभ्यास पाहावयाचा, त्यास पापनिवेदनास व ख्रिस्तशरीरास घेऊन जावयाचें, आणि हें सर्व गाजावाजा न करतां. अशा मुलास ते आपला ‘अशील’ म्हणत. आठवड्यांतून एकदां सभा भरे व कोणाचा अशील कसा आहे याचा विचार होई. डॉक्टरास जें शहरांत करतां आलें नाहीं तें सांथींत या मुलांनीं केलें. आणि शिक्षकास जें पटांगणांत करतां येत नाहीं तें आतां तीं करूं लागलीं.

दोमिनिक ९ मार्च १८५७ रोजीं वारला. वयाचीं पंधरा वर्षें पुरीं व्हावयास चोवीस दिवस उरले होते. १९५४ सालीं पवित्र सभेनें त्यास संतपद दिलें.

त्याचा संघ मात्र चालूच राहिला. १८५९ च्या १८ डिसेंबर रोजीं रात्रीं डॉन बॉस्को यांच्या खोलींत अठरा जण जमले आणि त्यांनीं एका धर्मसंघाची स्थापना केली. तोच आजचा सालेशियन संघ. जमलेले बहुतेक निष्कलंक मातेच्या संघांतलेच होते, आणि त्यांत मिसरूड न फुटलेलींही कांहीं मुलें होतीं. विषमज्वरांतून उठलेला काल्येरो त्यांत होता. १८७५ सालीं त्यानेंच पहिल्या मिशनऱ्यांची तुकडी आर्जेन्टिनास नेली. पुढें तो बिशप झाला, आणि १९१५ सालीं कार्डिनल. सालेशियन हिंदुस्थानांत १९०६ सालीं आले, प्रथम तंजावरास, मग मुंबईसही. त्यांस इकडे धाडणारे त्या संघाचे तेव्हांचे प्रमुख होते मिखाएल रुआ, १८५४ च्या उन्हाळ्यांत शिरक्याची बाटली घेऊन पटकीच्या रोग्यांकडे जाणाऱ्या मुलांपैकीं एक.