बेडकाच्या कातडीवरील पहारेकरी

बेडूक पाणी तोंडानें पीत नाहीं, कातडीनें शोषून घेतो. श्वासही कांहीं अंशीं तिच्यांतूनच घेतो. ती बिघडली कीं प्राण धोक्यांत आलाच. १९८० नंतर ऑस्ट्रेलियांतले व मध्य अमेरिकेंतले डोंगरी ओढे बेडकांच्या आवाजाला मुकूं लागले, तेव्हां कारण कोणासच उमगेना. १९९८ सालीं मृत बेडकांच्या कातडींत एक सूक्ष्म बुरशी आढळली. ती शरीरांतील क्षारांचा तोल बिघडविते व अखेर हृदय बंद पाडते. २०१९ सालच्या मोजदादींत ५०१ जातींना तिची झळ लागल्याचें, आणि त्यांपैकीं ९० बहुधा नामशेष झाल्याचें दिसून आलें.

व्हर्जिनियांतील प्राध्यापक रीड हॅरिस हे बेडकांच्याच गोतांतल्या सॅलमँडर या प्राण्याचा अभ्यास करीत होते. त्याच्या कातडीवर त्यांना जांथिनोबॅक्टेरियम नांवाचा जंतु सांपडला. हा जंतु व्हायोलासीन नांवाचें जांभळें द्रव्य तयार करतो, आणि तेंच बुरशीला मारक ठरतें. जंतु म्हटला कीं नाक मुरडणाऱ्यांना हा पाहुणा थोडा अडचणीचाच! २००९ सालीं हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कॅलिफोर्नियांतील सिएरा नेवाडा पर्वतांतल्या पिवळ्या पायांच्या बेडकांना या जंतूच्या पाण्यानें स्नान घातलें व मग बुरशीची बाधा करविली. स्नान घडलेले वांचले; न घडलेले बहुतेक दगावले. पुढल्याच वर्षीं व्हान्स व्ह्रेडेनबर्ग यांनीं किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यानांतील उंच सरोवरांकांठीं हाच प्रयोग उघड्यावर केला, आणि तेथेंही आशेला जागा दिसली.

पनामाचा सोनेरी बेडूक मात्र या उपायाला वश झाला नाहीं. २००९ नंतर तो रानांत कोणास दिसलेला नाहीं. त्याचा वंश आज प्राणिसंग्रहालयांच्या कांचपेट्यांत टिकून आहे. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याच्या कातडीवर जांथिनोबॅक्टेरियम कांहीं आठवडे राहिला, मग ओसरला, व बेडूक मेले. परक्या देशींचा जंतु तेथें रुजला नाहीं, हें एका परीनें स्वाभाविकच होतें. म्हणून संशोधकांनीं पनामांतल्याच इतर बेडकांच्या अंगावरचे जंतु निवडून लावले. तेही टिकले नाहींत. परंतु २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत थोडे बेडूक रोगमुक्त झाले. त्यांच्या कातडीवरील मूळचा जंतुसमूह, कोणी कांहीं लावण्यापूर्वींच, मेलेल्यांहून निराळा होता.