कळमना : मालवाहतूक व उद्योगांतील श्रमबळ

कळमना हे नागपूर शहराच्या पूर्व भागातील उपनगर. मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावरील स्थानक आणि नागपूर कृषी उत्पन्न बाजार समितीचे मोठे आवार यांमुळे ते मालवाहतुकीचे महत्त्वाचे केंद्र बनले आहे. धान्य, मिरची, संत्री, भाजीपाला इत्यादींचा घाऊक व्यापार येथे चालतो. या व्यापाराला लागणाऱ्या श्रमबळाची जडणघडण नागपूरच्या औद्योगिक इतिहासाशी निगडित आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली; बंगाल–नागपूर रेल्वेचा आसनसोलपर्यंतचा मार्ग १८९१ मध्ये पूर्ण झाला. दरम्यान जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिचे व्यवस्थापक बेझनजी मेहता हे पूर्वी रेल्वेच्या मालविभागात होते. गिरणीत आलेल्या कामगारांत हातमागावर व सूतकताईवर जगणाऱ्या कोष्टी, महार इ. समाजांतील लोक पुष्कळ होते. कापडाचे ज्ञान त्यांना होते. परंतु भोंग्याच्या वेळेनुसार, यंत्राच्या गतीने काम करण्याची सवय नव्हती. गैरहजेरीचे प्रमाण मोठे होते. केवळ दंडाने ते कमी होत नाही, हे ओळखून गिरणीने बक्षिसे, निवृत्तिवेतन निधी (१८८६) व अपघात भरपाई (१८९५) यांची सोय केली. अपघात भरपाईचा देशव्यापी कायदा १९२३ मध्ये झाला. कुशल कामगार टिकवावयाचा, तर त्याला उद्याची शाश्वती द्यावी लागते, हे या प्रयोगाने दाखविले. मात्र ही शाश्वती गिरणीच्या आयुष्याशी बांधलेली होती. १९८६ मध्ये शासकीय महामंडळाकडे गेलेली ही गिरणी पुढे कायमची बंद पडली.

माल हाताळणारा कामगार या व्यवस्थेबाहेरच राहिला. गाडीतून पोती उतरविणे, काट्यावर चढविणे, थप्पी लावणे ही कामे टोळीने, नगावर चालत. मालक रोज बदलत असल्यामुळे रजा वा भविष्य निर्वाह निधीची जबाबदारी कोणावरच येत नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्यानुसार मालक, कामगार व शासन यांच्या प्रतिनिधींचे मंडळ कामगारांची नोंदणी करते, मजुरी त्याच्यामार्फत देते आणि मजुरीखेरीज मालकाकडून घेतलेल्या आकारातून निधी, रजा, बोनस इत्यादींची तरतूद करते. एक मालक नसतानाही शाश्वती देता येते, हे या कायद्याचे वैशिष्ट्य होय.

दुसरीकडे, कारागीर प्रशिक्षण योजना (१९५०) व शिकाऊ उमेदवार अधिनियम (१९६१) यांमुळे तंत्रशिक्षणाचा पाया घातला गेला. मिहान प्रकल्पात विमानांची दुरुस्ती व सुट्या भागांची निर्मिती सुरू झाल्यावर नागपूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विमानाच्या सांगाड्याची जोडणी करणारे कारागीर घडविण्याचा अभ्यासक्रमही आला.

अशा रीतीने यंत्रावरील कामगाराला प्रशिक्षण, तर ओझे वाहणाऱ्याला संरक्षण, असे दोन स्वतंत्र प्रवाह निर्माण झाले. उचलयंत्रे, सरकते पट्टे व संगणकीय नोंदी यांमुळे पोते पाठीवर घेण्याचे काम घटत जाते. तेव्हा केवळ संरक्षण पुरत नाही. हमालाची नोंदणी ही त्याच्या प्रशिक्षणाचाही आधार झाली, तरच यांत्रिकीकरणाचा लाभ त्याच्या वाट्याला येऊ शकेल.