एक काखेत, एक बोटाले : लेकुरवाळ्या वारकरणींची वाट



दिंडीचा इतिहास लिहायचा म्हटला म्हणजे विणेकरी कोण होते, चोपदार कोण, पहिली पंगत कोणी घातली, बंडी जाऊन ट्रक कधी आला, हे लिहिल्या जाते. ते या अंकात जाणत्या मंडळींनी लिहिलंच आहे. मी चौथी शिकलेला माणूस, त्यांच्यापुढं काय लिहिणार? पण एक गोष्ट कोणी लिहिणार नाही असं वाटलं म्हणून लेखणी घेतली. आपल्या दिंडीत शंभर वर्षं बाया चालल्या. त्यातल्या कितीतरी एक लेकरू काखेत आणि एक बोटाले धरून चालल्या. त्यांचा इतिहास कोणत्या वहीत आहे? वहीत अमक्याची घरवाली, तमक्याची माय एवढंच. आणि लेकराचं तर नावही नाही, कारण त्याची पंगतीत पत्रावळ लागत नाही.

हे आत्ताच लिहायचं कारण आहे. यंदाच्या बैठकीत आपल्यातल्या काही तरुण मंडळींनी विषय काढला की पाच वर्षांखालचं लेकरू पायदळ दिंडीत घेऊच नये. त्यांचं म्हणणं खोटं नाही. नांदगाव पेठेतून बाहेर पडलं की हायवे. पूर्वी ही एकेरी डांबरी सडक होती, आता नागपूर-अमरावतीचे कंटेनर असे सुसाट जातात की मोठ्या माणसाचा पटका उडतो. पण दुसऱ्या बाजूनं एका बाईनं विचारलं, "मंग मी काहून राहू घरी? माह्या सासूनं नाही का नेलं?" दोघांचंही ऐकून घेण्यासारखं आहे. म्हणून मागं काय झालं ते आधी पाहू.

आपला देवच लेकुरवाळा आहे. जनाबाईंचा तो अभंग सगळ्यांना पाठ आहे. कोणी खांद्यावर, कोणी कडेवर, कोणी करंगळी धरून, असे सगळे संत म्हणजे विठोबाची लेकरं. माझं म्हणणं, हा अभंग वाटेवर पाहिल्याशिवाय सुचत नाही. जनाबाई नामदेवांच्या घरी राबणारी. पंढरीच्या वाटेवर येणाऱ्या बाया तिनं डोळ्यांनी पाहिल्या असतील. एक खांद्यावर बसते, दुसरं हात सोडत नाही, तिसरं पुढं पळते, चौथं मागं रेंगाळते. हे ज्या बाईनं चार लेकरं घेऊन बाजार केला तिला समजावून सांगावं लागत नाही.

आता ज्ञानोबारायांच्या घरचं पाहा. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई चार लेकरं घेऊन आळंदीहून त्र्यंबकेश्वराला गेले, ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करायला. मुक्ताबाईंचा जन्म शके १२०१ चा, म्हणजे सगळ्यात मोठे निवृत्तिनाथ तिच्यापेक्षा सहा वर्षांनीच मोठे. जंगलाची वाट. वाघ आडवा आला, धावपळ झाली आणि निवृत्तिनाथ चुकले. कीर्तनात आपण इथून लगेच गहिनीनाथांच्या गुहेत जातो, उपदेशाचं निरूपण लावतो. मीही लावतो. पण ते सापडेपर्यंत त्या माउलीनं राहिलेल्या तिघांना पोटाशी धरून दिवस कसे काढले असतील? धाकटं कडेवर असलं की मोठं चुकते. आजही यात्रेत चुकतं ते बोटाचं लेकरू, काखेतलं नाही.

गोरोबाकाकांची कथा तर आपल्यासाठीच आहे. तेरची. बायको पाण्याला गेली, रांगतं लेकरू अंगणात, आणि काका चिखल तुडवताना भजनात डोळे मिटून. पुढं काय झालं ते सांगत नाही, सगळ्यांना माहीत आहे. पांडुरंगानं लेकरू परत दिलं हा त्याचा महिमा. पण त्या माउलीनं आधी जो टाहो फोडला, तो आम्ही कीर्तनकार दोन मिनिटांत आटोपतो आणि चमत्काराला अर्धा तास घेतो. मी अलीकडे उलटं करतो. बाया रडतात, आणि गडीमाणसं इकडं-तिकडं पाहतात.

चोखोबांचं घर आपल्या वऱ्हाडातलं. बुलडाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाजवळचं मेहुणाराजा हे त्यांचं जन्मगाव मानतात. सोयराबाई बाळंत व्हायच्या वेळेला चोखोबा घरी नव्हते, बहिणीकडं, निर्मळेकडं गेलेले. तेव्हा विठ्ठल निर्मळेचं रूप घेऊन आला आणि सोयराबाईचं बाळंतपण केलं, अशी कथा आहे. दाईचं काम देवानं केलं. ज्या घराला देवळाच्या पायरीवर थांबवलं होतं त्या घरात देवानं नाळ कापली. सोयर-विटाळ म्हणून ओल्या बाळंतिणीला दिंडीच्या पालापासून दूर ठेवणारी मंडळी जुन्या काळी होती. त्यांनी ही कथा ऐकली असेल, पण मनावर घेतली नाही.

आणि आज जी पालखीची रीत आपण पाहतो ती कोणी घातली? तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबांनी, सन १६८५ मध्ये. हे नारायणबाबा तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा जिजाईच्या पोटात होते. जिजाई भाकर घेऊन डोंगर चढायची ती कीर्तनात आपण भांडखोर करून दाखवतो. घरी लेकरं, पोटात एक, नवरा डोंगरावर, आणि उन्हात भाकर घेऊन चढायचं. कोण भांडणार नाही? त्याच पोटातल्या लेकरानं बापाच्या पादुका पालखीत ठेवून वाट चालती केली.

पण आपण वऱ्हाडी लोकांनी एक गोष्ट जरा मोठ्यानं सांगितली पाहिजे. तिवसा तालुक्यातल्या कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी संत सदाराम महाराजांनी सन १५९४ मध्ये सुरू केली असं मानतात. म्हणजे नारायणबाबांच्या पालखीच्या नव्वद वर्षं आधी. वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. दरसाल ही लेक माहेराहून सासरी पायदळ जाते. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होते. सव्वा महिना झाला, बारसं झालं, की माय लेकीला बाळंतविडा देऊन सासरी पोचवते. म्हणून लेकुरवाळ्या बायांना त्या पालखीत जास्त जीव. त्यांना वाटते, रखुमाई आपल्यासारखीच चालली.

आता वाटेचं सांगतो. इथून पंढरपूर साडेपाचशे-सहाशे किलोमीटर. रोजचे वीस धरले तरी महिना लागतो. जुन्या काळी रस्ता म्हणजे काळ्या मातीची पांदण. मिरगाचा पाऊस पडला की एकेका पायाला शेर-शेर चिखल. बंडीची चाकं आरीपर्यंत रुतत. सामान बंडीत, म्हातारी-कोतारी बंडीत, लेकरावाल्या बाईला जागा उरली तर मिळे. सहा महिन्यांचं लेकरू सहा-सात किलोचं, दोन वर्षांचं दहा-अकराचं. दोन्ही मिळून एक ज्वारीचं अर्धं पोतं समजा, आणि ते पोतं रडते, हागते, झोपलं की दुप्पट जड होते. टाळ वाजवायला दोन हात पाहिजेत. म्हणून लेकुरवाळ्या बायांच्या हातात टाळ कधी दिसला नाही. त्या नुसत्या तोंडानं म्हणत चालत.

माझी मायही अशीच गेली होती. बहीण पाच महिन्यांची आणि मी तीन वर्षांचा. मला त्यातलं काही आठवत नाही, तिच्या तोंडून ऐकलं तेवढंच. जुन्या लुगड्याची झोळी करून बहिणीला ती अंगाशी बांधायची, शेतात कापूस वेचताना बांधतात तशी. माझ्या कमरेला लुगड्याच्या काठाची पट्टी, आणि पट्टीचं दुसरं टोक तिच्या मनगटाला. गर्दीत मी ओढ घेतली की तिला कळे. विसाव्याला दिंडी थांबली की बाकीचे चहा-फुटाण्याच्या मागं, अन् ती निंबाखाली पदर घेऊन बसायची. दिवसातून चार वेळा दिंडी थांबे, तेवढ्यातच लेकराचं पोट भरायचं. मधात रडलं तर चालता चालताच. गाठोड्यात काय होतं तेही ती सांगायची. घुटीचं सामान, म्हणजे वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड आणि छोटी सहाण. तिच्यासाठी गूळ-शेंगदाणे आणि आजीनं दिलेले डिंकाचे लाडू. लंगोट-दुपटी रोज धुवायची आणि बंडीच्या दांडीला वाळत घालायची. पाऊस असला की ती ओलीच स्वतःच्या पोटावर बांधून वाळवायची.

एक वाईट गोष्टही लिहितो, कारण इतिहास लिहायचा तर झाकून चालत नाही. लेकरू गप झोपावं म्हणून अफूची बाळगोळी देण्याची चाल त्या काळी होती. मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बाया देत, मजुरीला जाणाऱ्या देत, आणि वाटेनं चालणाऱ्याही देत. कितीक लेकरं त्या झोपेतून उठली नाहीत. लोक म्हणत, देवानं वाटेत उचललं. देवाच्या नावावर आपण बरंच खपवतो.

पटकीचं भय वेगळंच. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत पटकीच्या साथी वारंवार येत. चंद्रभागेचंच पाणी प्यायला, तेच आंघोळीला. मोठा माणूस एक दिवस तग धरे, लेकरू सकाळी बरं तर संध्याकाळी नाही. पुढं टोचून घेतल्याशिवाय यात्रेत सोडत नसत, ते जुन्या लोकांना जाचक वाटे. आमचे म्हातारे त्यावर शिव्या देत, पण बाया लेकरू घेऊन आधी रांगेत लागत.

आगगाडी आली तेव्हा थोडी सोय झाली. १९०६ मध्ये बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरला पोचली. ज्या घरात चार पैसे होते त्यांनी लेकुरवाळ्या सुनेला बडनेऱ्याहून गाडीत बसवलं. बाकीच्या चालतच राहिल्या.

पंढरपुरात आणखी एक जागा आहे, तिच्याबद्दल दिंडीत कोणी बोलत नाही. प्रार्थना समाजाच्या मंडळींनी, लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानं, १८७५ च्या सुमारास तिथं बालकाश्रम काढला. कारण विधवा बाया यात्रेचं निमित्त करून पंढरीला येत आणि लेकरू टाकून परत जात. येताना दोन जीव, जाताना एक. गावानं त्यांना दुसरी वाट ठेवली नव्हती. त्याही पंढरीच्या वाटेवरच्या लेकुरवाळ्याच, मी त्यांना यातून वगळत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा देवळात जात नसत, पण पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या. पावसात उघड्यावर पडलेली बाळंतीण ज्यानं पाहिली त्याला देऊळ आधी की छप्पर आधी हे कळते. ज्यांना कोणी ओसरीवर घेत नव्हतं त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा झाली. १९४९ मध्ये बाबांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, पोरांच्या शिक्षणासाठी. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ बाबा गेले. इथून वलगाव किती दूर? तरी आपल्या दिंडीनं बाबांपासून झाडू घेतला, छप्पर घेतलं नाही. अजून आपल्या तंबूत बायांची बाजू गळते.

अलीकडे सरकारनं आळंदी-देहूच्या पालखीमार्गावर हिरकणी कक्ष केले. लेकराला पाजायला आडोसा, नर्स, पाणी. नाव चांगलं दिलं. रायगडाचा कडा उतरून जाणारी हिरकणी घरच्या तान्ह्यासाठीच उतरली होती. पण वऱ्हाडातून जाणाऱ्या दिंड्यांच्या वाटेवर असं काही मला दिसलं नाही. अपघात किंवा अडलं-नडलं तर १०८ नंबरची गाडी येते, हा मोठा आधार.

आता बंदी घालायची का? माझं मत, घालू नये. पण नवसाच्या नावाखाली महिनाभराचं लेकरूही आणू नये. "पोरगं झालं तर पहिल्या आषाढीले पायी आणीन" असा नवस सासू बोलते आणि चालते सून. पांडुरंग काही सावकार नाही, वर्षभर थांबला तर व्याज लावत नाही. कार्तिकीला एस.टी.नं नेऊन पायावर घाला. सहा महिन्यांपर्यंत लेकराला आईचं दूधच पुरते, वरचं पाणीही लागत नाही. म्हणून तान्हं जास्त सुखात असते. पाणी लागते ते त्या माउलीला, आणि आपण विसाव्याला तिला शेवटी देतो. खरी अडचण दीड ते चार वर्षांच्या लेकराची. ते एक-दोन किलोमीटर मजेनं चालते, मग बसते, मग सडकेकडं पळते. ज्यांना पहिल्यांदा चालून पाहायचं आहे त्यांनी तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीपर्यंत लेकरू घेऊन जावं, एका दिवसाची वाट आहे. तेवढ्यात अंदाज येतो.

बैठकीत शेवटी असं ठरलं, आणि त्यासाठी मी हट्ट धरला हे खरं. ट्रकचा पुढचा भाग, जिथं आतापर्यंत पंचमंडळींच्या गाद्या असत, तो लेकरांसाठी. तिथं दोन झोळ्या बांधायच्या आणि पाळीनं दोन म्हाताऱ्या बसायच्या. हायवेवर लेकुरवाळ्या बाया दिंडीच्या मधात चालतील, कडेला गडीमाणसं. बोटाच्या लेकराच्या गळ्यात बापाचा फोन नंबर लिहिलेली पट्टी. आणि बाप सोबत असला तर सकाळचा पहिला टप्पा लेकरू त्यानं घ्यायचं, बाईच्या हातात टाळ द्यायचा. या शेवटच्या गोष्टीवर हसू झालं, पण नाही कोणी म्हटलं नाही.

ज्या माउली यंदा लेकरू घेऊन येणार त्यांनी दिंडी निघायच्या आत विठ्ठल मंदिरात नाव लिहावं. लेकराचं नाव आणि वय वेगळं लिहिल्या जाईल. लसीचं कार्ड सोबत आणावं. दीड, अडीच, साडेतीन महिने किंवा नऊ महिन्यांची लस वारीच्या दिवसांत येत असेल तर वाटेतल्या कोणत्या सरकारी दवाखान्यात घ्यायची ते आधी आशाताईला विचारून ठेवावं. कोरडी दुपटी जास्तीची आणावी. मेणकापड दिंडीकडून मिळेल.