इंटर्नशिप गेली, परीक्षा राहिली

अमेरिकेत डॉक्टरकीचा परवाना केंद्र सरकार देत नाही. तो अधिकार राज्याराज्यांच्या वैद्यक मंडळांचा आहे. या मंडळांनी मान्य केलेली यूएसएमएलई ही परीक्षा तीन टप्प्यांत होते. त्यांपैकी स्टेप वन आणि स्टेप टू सहसा वैद्यकीय महाविद्यालयात असतानाच होतात. स्टेप थ्री मात्र बहुतेक जण रेसिडेन्सीत, म्हणजे रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षणात, रात्रपाळ्या आणि वॉर्डची कामे चालू असताना देतात. परवान्याची शेवटची परीक्षा प्रशिक्षणाच्या अशी अधेमधे येते, याचे कारण शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका व्यवस्थेत आहे. ती व्यवस्था मोडली, पण तिच्यासाठी आखलेली परीक्षा जागची हलली नाही.

त्याआधी तर बहुतेक राज्यांत परीक्षाच नव्हती. आनंदीबाई जोशी 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियातून पदवीधर झाल्या, तेव्हा पेनसिल्व्हेनियात पदवीपत्राची सरकारदरबारी नोंद केली की डॉक्टरला व्यवसाय करता येई. नोंदणीची ही अटही नवीच होती. फिलाडेल्फियातच जॉन ब्यूकॅनन नावाचे एक गृहस्थ वैद्यकाची पदवीपत्रे सरळ विकत असत. 1880 मध्ये त्यांचे बिंग फुटले आणि पुढच्याच वर्षी नोंदणीचा कायदा झाला. अर्थात नोंदणीने कागद खरा की खोटा एवढे फार तर कळे, डॉक्टर कसा आहे ते कळत नसे.

राज्याला तेही विचारण्याचा हक्क आहे, यावर सर्वोच्च न्यायालयाने 1889 मध्ये शिक्कामोर्तब केले. वेस्ट व्हर्जिनियातील डेंट नावाच्या डॉक्टरचे पदवीपत्र राज्याच्या मंडळाने मान्य केले नव्हते. त्याने परवान्याशिवाय रोगी तपासणे चालू ठेवले, त्याला दंड झाला आणि वाद वरपर्यंत गेला. निकाल राज्याच्या बाजूने लागला. त्यानंतर अधिकाधिक राज्ये आपापल्या परीक्षा घेऊ लागली. त्यांचा दर्जा सारखा नव्हता, आणि एका राज्यात उत्तीर्ण झालेल्या डॉक्टरला दुसऱ्या राज्यात पुन्हा परीक्षेला बसावे लागण्याची पाळी येई.

यावर उपाय म्हणून 1915 मध्ये डॉ. विल्यम रॉडमन यांच्या पुढाकाराने नॅशनल बोर्ड ऑफ मेडिकल एक्झामिनर्स ही संस्था स्थापन झाली. तिची परीक्षा ऐच्छिक होती. ज्या राज्यांना मान्य असेल त्यांनी ती मानावी. पहिली परीक्षा ऑक्टोबर 1916 मध्ये वॉशिंग्टन येथे आठवडाभर चालली. दहा जण बसले, पाच उत्तीर्ण झाले. एवढे सगळे एका दमात तपासणे अवघड आहे हे लवकरच ध्यानात आले आणि 1922 मध्ये परीक्षेचे तीन भाग पाडले गेले: मूलभूत विषयांचा पहिला, रोगनिदान-उपचारांचा दुसरा आणि इंटर्नशिपनंतर रोग्याच्या खाटेपाशी घ्यायचा तिसरा.

आजच्या वेळापत्रकाचे मूळ याच वाटणीत आहे, आणि त्या काळी ती अगदी चपखल होती. पेनसिल्व्हेनियाने 1914 पासून परवान्यासाठी इंटर्नशिप सक्तीची केली होती आणि इतर काही राज्येही त्या वाटेने निघाली होती. सामान्य डॉक्टर पदवीनंतर वर्षभर रुग्णालयात राहून मेडिसिन, सर्जरी, बाळंतपणे, लहान मुले असे सगळे हाताखालून घाली आणि मग गावात दवाखाना थाटी. तिसरा भाग त्या दवाखान्याच्या उंबरठ्यावर होता. रेसिडेन्सी तेव्हाही होती. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 1889 पासून ऑस्लर आणि हॉल्स्टेड यांनी तिची घडी बसवली होती. पण तिकडे थोडेच जात.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. विशेषज्ञ होण्याकडे ओढा वाढला आणि रेसिडेन्सी हा अपवाद न राहता नेहमीचा मार्ग झाला. परीक्षेत बदल झाले, पण ते रीतीपुरते. खाटेपाशी घेतलेल्या तोंडी परीक्षेत दोन परीक्षकांचे एकाच उमेदवाराविषयी एकमत होत नाही, असे आढळल्यावर 1960 च्या दशकाच्या आरंभी ती बंद झाली. तिच्या जागी रोग्यांच्या चित्रफिती आल्या आणि कागदावरचे रोगीही आले. उमेदवाराने एखादी तपासणी निवडून तिच्यासमोरचा अपारदर्शक थर खोडला की खालून तिचा निकाल दिसे. आज स्टेप थ्रीत संगणकावर येणाऱ्या रोग्याचा हा आजा म्हणायला हरकत नाही. 1975 मध्ये स्वतंत्र इंटर्नशिप संपुष्टात आली आणि ते वर्ष रेसिडेन्सीचे पहिले वर्ष बनले. तिसरा भाग होता तिथेच राहिला. उंबरठ्यावरची परीक्षा अशी माजघरात आली.

दरम्यान, 1968 पासून राज्य मंडळांच्या महासंघाची फ्लेक्स ही परीक्षा सुरू झाली होती. परदेशी पदवीधरांना परवान्यासाठी तीच द्यावी लागे, तर अमेरिकेत शिकलेल्यांना नॅशनल बोर्डाची वाट मोकळी होती. एकाच परवान्याला दोन मापे, ही तक्रार रास्तच होती. 1992 ते 1994 या काळात दोन्ही परीक्षा मिटवून यूएसएमएलई आली. तिसऱ्या भागाच्या जागी आलेली स्टेप थ्री 1994 मध्ये सुरू झाली.

स्टेप थ्री केव्हा द्यायची, हा प्रश्न खऱ्या अर्थाने निर्माण झाला तो 1999 मध्ये. तोवर कागदी परीक्षा वर्षातून दोनदा, ठरल्या तारखांना होई. स्टेप वनच्या तयारीला दोन महिने, स्टेप टूला दोन आठवडे आणि स्टेप थ्रीला नुसती दोन नंबरची पेन्सिल, ही तिथल्या रेसिडेंट मंडळींमधली म्हण त्याच दिवसांची. परीक्षा संगणकावर आली आणि पेन्सिल गेली; तारीख निवडण्याचे ओझे मात्र उमेदवारावर आले. 2014 च्या अखेरीस परीक्षेचे दोन दिवस लागोपाठ असण्याचे बंधनही गेले.

परीक्षा घेणाऱ्यांची शिफारस एक वर्षाचे प्रशिक्षण पूर्ण, किंवा पूर्ण होत आल्यावर, अशी आहे. त्यात जुन्या इंटर्नशिपची सावली स्पष्ट दिसते. प्रत्यक्षात उत्तर शाखेप्रमाणे बदलते. मेडिसिन किंवा फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेंटला वर्षभराचा अनुभवच बरीचशी तयारी करून देतो. पॅथॉलॉजी, रेडिओलॉजी किंवा मानसोपचार शिकणाऱ्याचे उलट होते: प्रश्न गर्भवतीच्या रक्तदाबाचे आणि तान्ह्या मुलाच्या तापाचे, आणि त्या रोग्यांशी त्याचा संबंध दर महिन्याला कमी होत जाणारा. त्याने उशीर करण्यात काहीच हशील नाही. शिवाय अनेक राज्यांत तिन्ही टप्पे सात वर्षांत पूर्ण करण्याची अट असते, आणि काही रेसिडेन्सी कार्यक्रम हा निकाल हाती आल्याशिवाय पुढच्या वर्षात जाऊ देत नाहीत. म्हणून हलक्या कामाचा महिना पाहून, पहिल्या वर्षाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी तारीख घेण्याचा प्रघात पडला.

भारतातून जाणाऱ्या डॉक्टरांचा, त्यात मुंबई-पुण्याहून गेलेलेही आले, हिशेब आणखी वेगळा असतो. जे-वन व्हिसावर रेसिडेन्सी करणाऱ्याला आधी स्टेप थ्रीची गरज नसते. एच-वन-बी व्हिसावर जायचे तर परदेशी पदवीधराला ती आधीच उत्तीर्ण व्हावी लागते. त्यामुळे इंटर्नशिपनंतर द्यायचा म्हणून 1922 मध्ये आखलेला टप्पा हे उमेदवार तिथल्या रेसिडेन्सीचा पहिला दिवस उजाडण्यापूर्वीच पार करतात.