खालची कुस्ती

खालची कुस्ती : मल्लांपैकी एक जण किंवा दोघेही जमिनीवर गेल्यानंतर चालू राहणारी झुंज. उभ्याने खेळल्या जाणाऱ्या खडी कुस्तीहून तिचे तंत्र वेगळे असते. खाली गेलेल्या मल्लाने पाठ मातीकडे करावी की आभाळाकडे, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून तिच्या दोन भिन्न परंपरा झाल्या आहेत. भारतीय कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती संपते. जपानी जुजुत्सूतून निघून ब्राझीलमध्ये वाढलेल्या प्रकारात मात्र पाठ टेकल्यावर झुंजीचा मुख्य भाग सुरू होतो.

भारतीय कुस्तीत दोन्ही खांदे एकाच वेळी जमिनीला लागले की मल्ल चीतपट झाला असे मानतात. त्यामुळे खाली सापडलेला मल्ल पालथा होतो, कोपरे व गुडघे मातीत रोवतो, हनुवटी छातीशी घेतो आणि अंग जड करतो. वरच्या मल्लाचे डाव त्याला उलटविण्यासाठीच असतात. घिस्सा या डावात मागून पकड घेऊन प्रतिस्पर्ध्याला ओढून उताणे केले जाते. मोळीत मान व पाय एकत्र आवळून त्याची जणू लाकडाची मोळी बांधतात. सवारीत पायाचा विळखा घालून त्याच्यावर स्वार होतात. उताणा होऊ लागलेला मल्ल मान व टाचा यांवर शरीर तोलून कमान करतो आणि खांदे वाचवितो.

पालथ्या मल्लाला उलटविणे किती अवघड असते, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनमध्ये झालेली गामा व पोलिश मल्ल स्टॅनिस्लाउस झबिस्को यांची लढत. झबिस्को आरंभीच खाली गेला आणि अडीच तासांहून अधिक चाललेल्या या लढतीत बहुतेक वेळ पालथा पडून राहिला. तो गामापेक्षा बराच वजनदार होता. लढत बरोबरीत सुटली. पुढील आठवड्यातील फेरलढतीस झबिस्को आलाच नाही व गामा विजयी ठरला. झबिस्कोच्या खेळावर त्या वेळी पुष्कळ टीका झाली; परंतु ज्या नियमात खांदे टेकणे हाच एकमेव पराभव असतो, त्या नियमाने दिलेला मार्ग त्याने शेवटपर्यंत वापरला, एवढेच म्हणता येईल. जानेवारी 1928 मध्ये पतियाळा येथे हे दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केले. खाली जाऊन अंग जड करण्यास त्याला अवसरच मिळाला नाही.

दुसऱ्या परंपरेचे मूळ जपानात आहे. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकिओ येथे स्थापन केलेल्या कोडोकान या संस्थेत जुन्या जुजुत्सूवरून ज्यूदोची मांडणी झाली. तिच्यात फेकीचे महत्त्व अधिक असले, तरी जमिनीवरील पकडी व सांधे अडकविण्याचे डावही होते. कोडोकानचे मित्सुयो माएदा हे देशोदेशी लढती करीत ब्राझीलमधील बेलें येथे स्थायिक झाले. त्यांच्याकडून ही विद्या कार्लोस ग्रेसी यांच्याकडे आली आणि कार्लोस व त्यांचे धाकटे बंधू एलिओ यांनी तिला जमिनीवरील झुंजीकडे वळविले. एलिओ शरीराने किरकोळ होते. आपल्याहून जड माणूस अंगावर आला असता पाय हीच ढाल करणे, हा या पद्धतीचा गाभा होय.

उताण्या मल्लाने पायांनी उभारलेल्या या अडसरास गार्ड म्हणतात. प्रतिस्पर्ध्याच्या कमरेमागे दोन्ही घोटे गुंतविले, तर तो बंद गार्ड. पाय मोकळे ठेवून पावले व नडग्या यांनी त्याला दूर राखले, तर उघडा गार्ड. त्याचा एकच पाय अडकविला, तर अर्धा गार्ड. गार्डमधील मल्ल खाली असला तरी हरत नसतो. तेथून तो वरच्याला उलथवू शकतो, त्याचा हात पिळू शकतो किंवा गळा आवळू शकतो. म्हणून वरच्याला प्रथम हा अडसर ओलांडावा लागतो. गार्ड बंद असल्यास तो पाठ ताठ ठेवून, गुडघ्याचा किंवा उभे राहण्याचा आधार घेऊन गुंतलेले घोटे सोडवितो. नंतर तीन वाटा असतात. पहिली वाट पायांना वळसा घालून जाण्याची : प्रतिस्पर्ध्याचे गुडघे दोन्ही हातांनी एका बाजूस लोटून वरचा मल्ल दुसऱ्या बाजूने शिरतो. बैलाला चुकविणाऱ्या खेळाडूवरून या डावाचे नाव पडले आहे. दुसरी वाट पायांच्या मधून, गुडघा प्रतिस्पर्ध्याच्या मांडीवरून तिरपा सरकवीत जाण्याची. तिसरीत त्याचे पाय खांद्यावर घेऊन कंबर उचलली जाते व त्याचे शरीर त्याच्याच मानेवर दुमडले जाते. वाट कोणतीही असो, खालच्या मल्लाची कंबर जखडल्याखेरीज ती तडीस जात नाही; कंबर मोकळी राहिली तर तो तिरका सरकून पाय पुन्हा मध्ये घालतो. कसलेला मल्ल एका वाटेचा विरोध पाहूनच दुसरीवर जातो.

स्पर्धेच्या प्रचलित नियमांनुसार गार्ड ओलांडून 3 सेकंद पकड टिकविल्यास 3 गुण, पोटावर गुडघा रोवल्यास 2, तर छातीवर बसल्यास 4 गुण मिळतात. गार्ड मोडत आल्यावर खालचा मल्ल पुष्कळदा पालथा होऊन गुडघ्यांवर येतो. ही स्थिती आखाड्यातील खालच्या मल्लाचीच होय. भारतीय कुस्तीत ती आश्रयाची जागा. जुजुत्सूत मात्र ती सर्वांत धोक्याची, कारण पाठीवर चढून दोन्ही पायांचा विळखा घालणाऱ्यास 4 गुण आणि गळा आवळण्याची संधी मिळते. त्यामुळे कुस्तीतून या खेळाकडे वळणाऱ्याला सवयीने पालथे होण्याची प्रवृत्ती आवरावी लागते.

महाराष्ट्रात यात्रेच्या फडांतून गुणांचा हिशेब नसतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात, शहरालगतच्या केडगावपासून आडवळणाच्या खेड्यांपर्यंत, ज्याला कुस्त्यांचा हगामा म्हणतात, तेथे चीतपट झाली तर निकाल, नाहीतर कुस्ती बरोबरीत सोडविली जाते. गादीवरील कुस्तीत गुण व वेळेची मर्यादा आहे आणि खालचा डाव अडून राहिला तर पंच दोघांनाही उभे करतात. झबिस्कोचा मार्ग तेथे उरलेला नाही. तथापि खांदे टेकण्याचे महत्त्व कमी झालेले नाही. केडगावपासून काही किलोमीटरवरील वाडिया पार्क मैदानावर 2 फेब्रुवारी 2025 रोजी 67 व्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पृथ्वीराज मोहोळ यांनी गादी विभागात शिवराज राक्षे यांना चीत केल्याचा निर्णय पंचांनी दिला. दोन्ही खांदे टेकले नव्हते, असा राक्षे यांचा आक्षेप होता. त्यांनी पंचांना लाथ मारल्याने प्रकरण चिघळले व त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाले. वाद होता तो क्षणभराच्या स्पर्शाचा. ब्राझिलियन जुजुत्सूच्या नियमांत खांदे टेकविण्यास एकही गुण नाही.