साउथ फोर्कचा मातीचा बांध

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया संस्थानात, जॉन्सटाऊन या पोलादाच्या गावापासून १४ मैल वर डोंगरात, साउथ फोर्क या वस्तीजवळ जो मातीचा बांध होता, तो सरकारी कालव्यातील नौकांना उन्हाळ्यात पाणी पुरावे एवढ्यासाठी बांधलेला असून १८५३ साली पुरा झाला. परंतु लोहमार्गामुळे कालव्याचे प्रयोजनच संपले आणि १८५७ मध्ये ती मालमत्ता सरकारने रेल्वे कंपनीस विकली. पुढच्या एका मालकाने तळाशी बसविलेले बिडाचे नळ, ज्यांतून तळ्याचे पाणी हवे तेव्हा सोडता येई, काढून मोडीत घातले.

१८७९ मध्ये बेंजामिन रफ याने ते तळे घेऊन पिट्सबर्गच्या धनिकांसाठी, ज्यांत पुढे कार्नेगी, फ्रिक व मेलन हेही आले, मासेमारीचे आणि शिकारीचे मंडळ काढले. जलाशयावर शिडाच्या नौका विहरू लागल्या, काठी टुमदार बंगले उठले. बांधाची डागडुजी मात्र हाती लागेल त्या भरतीने झाली, माथा खाली आला, आणि मुद्दाम आणून सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसल्या. माथ्यावरून पाणी वाहू लागले की मातीचा भराव खालच्या अंगाने धुपत जातो, म्हणून तळचा नळ आणि बाजूचा सांडवा हेच अशा बांधाचे प्राण होत. येथे एक पूर्वीच नाहीसा झाला होता, दुसऱ्याची वाट मंडळाने स्वतः अडविली. १८८० मध्ये केंब्रिया पोलाद कारखान्याचे जॉन फुल्टन यांनी पाहणी करून नळांचा अभाव आणि कच्ची दुरुस्ती हे दोष दाखविले, कारखान्याचे प्रमुख मॉरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारी कळविली. रफने तुम्हांस भय नाही असे उत्तर धाडून प्रकरण मिटविले.

३१ मे १८८९ रोजी, रात्रभराच्या अतिवृष्टीनंतर, केरकचऱ्याने तुंबलेल्या त्या जाळ्या वेळेवर निघाल्या नाहीत, पाणी माथ्यावरून गेले आणि दुपारी तीनच्या सुमारास बांध फुटला. तासाभरात लोंढा जॉन्सटाऊनवर आदळला. दगडी रेल्वेपुलाशी अडकलेल्या घरांच्या ढिगाऱ्यास आग लागून पाण्यातून वाचलेली माणसे तेथे जळाली. मृतांची संख्या २,२०९ भरली. एवढ्या अनर्थास केवळ पर्जन्य कारण झाला असे म्हणणे हा त्या मृतांवर दुसरा अन्याय होय.

काही सभासदांनी मदतनिधीस देणग्या दिल्या, कार्नेगीने गावास ग्रंथालय बांधून दिले. परंतु न्यायालयात मंडळाविरुद्धची एकही फिर्याद यशस्वी झाली नाही.